मुन्नीचं वजन

भंडाऱ्याच्या स्टँडवर गाडीत दिवाळीच्या खरेदीची गर्दी शिरली आणि खिडकीजवळच्या एका अनोळखी बाईने खुशबूला न विचारता उचलून मांडीवर घेतलं. यात नवल काही नव्हतं. माणसं बाकावरची पिशवी उचलतात, मांडीवर ठेवतात आणि जागा करतात; पिशवीला कुणी विचारत नाही. "ये बाळा, पडशील," असं म्हणून बाईने काखेत हात घातले आणि नागपूरच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं लांबरुंद पाकीट छातीशी धरून खुशबू वर गेली. आपण चौदा वर्षांच्या आहोत, नववीत आहोत, हे सांगता आलं असतं. पण मग समोरचं माणूस "खरंच?" म्हणतं, मागच्या बाकावरून आई "हो ना" म्हणते, चार जण वळून बघतात, आणि त्यांतला एक हमखास आपल्या साडूच्या मुलाची गोष्ट काढतो, जो असाच होता आणि एका उन्हाळ्यात ताडासारखा वाढला. या सगळ्यापेक्षा मांडी बरी, असं खुशबूने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. नवल झालं ते पुढे. कारध्याचा पूल लागला, खाली वैनगंगेचं पाणी दिसलं, आणि बाईने मांडी हलवली. मग दुसरी मांडी पुढे केली. मग खुशबूला उचलून खाली उभं केलं, साडी नीट केली आणि शेजारणीला म्हणाली, "दिसाले एवढीशी, पण जड आहे वं पोरगी. पाय सुन्न झाला माहा."

जड. हा शब्द खुशबूने आजवर धानाच्या पोत्याबद्दल ऐकला होता, सिलेंडरबद्दल, बीजगणिताबद्दल. स्वतःबद्दल ऐकला नव्हता. ती पुन्हा कोपरांच्या, पट्ट्यांच्या आणि पिशव्यांच्या तळांच्या जगात उभी राहिली. या जगाची ती जाणकार होती. कुणाची पँट पाठीमागून उसवली आहे, कुणाच्या पिशवीतून तेल झिरपतं आहे, कोण चपलेच्या आत अंगठा दुमडून उभा आहे, हे गाडीत तिच्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं. पण आज तिला काही दिसेना. ती तोच शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. सकाळीच दवाखान्यात तिला काट्यावर उभं केलं होतं, भिंतीला पाठ लावून उंची घेतली होती. तेव्हा असं काही झालं नव्हतं. काटा आकडा सांगतो, आणि आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही. मांडीचं तसं नसतं. मांडीने सांगितलं म्हणजे झालंच. आता टेकचंद मामाचा हात तरी आणखी किती दिवस टिकणार?

टेकचंद हा सगळ्या गावाचाच मामा; आजीच्या गावी, दिघोरीत, त्याचं कापडाचं दुकान होतं, आणि तो गावच्या नाट्यमंडळाचा लेखक, दिग्दर्शक आणि नायक होता. पन्नाशी उलटली होती, पण नायकाचं वय त्याने पंचविसावर थांबवून ठेवलेलं होतं. दिघोरीत भाऊबीज झाली की मंडई भरते: दिवसा पाळणे, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, दंडारीचे नाच, आणि दिवस मावळला की मंडळाचं नाटक. नाटकाचं नाव दर वर्षी बदलायचं, कारण पोस्टरवर नवं नाव लागतं. आतलं नाटक बदलायचं काही कारण नव्हतं. पहिल्या अंकाच्या शेवटी निर्दोष नायक तुरुंगातून सुटून येतो, दारात त्याची पोरकी लेक मुन्नी उभी असते, तो तिला एका हाताने उचलतो, दुसरा हात खलनायकावर रोखतो, आणि मुन्नी म्हणते, "बाबा, आता मले कधी खाली नका ठेवू." पेटी वाजते, पडदा पडतो, बाया डोळ्यांना पदर लावतात. खुशबू तिसरीत असताना मुन्नी झाली. तेव्हा ती मुन्नीच्याच वयाची होती. नंतर मुन्नी तिथेच थांबली आणि खुशबूही थांबली, आणि दोघींचं फार छान जमलं. पोस्टरवर तिचं नाव नायकाच्या खालोखाल यायला लागलं. आजूबाजूच्या गावांतून माणसं विचारत यायची, अवंदा मुन्नी आहे का? आहे म्हटल्यावर नाटकाचं नाव विचारायचीसुद्धा नाहीत.

दवाखान्यात एक समुपदेशक ताई बसायच्या. त्यांनी पहिल्याच भेटीत पुढे झुकून, फार मायेने विचारलं होतं, "शाळेत मुलं चिडवतात का गं तुला?" खुशबूने आठवून पाहिलं. चिडवत नव्हती. "मग मुली खेळायला घेत नाहीत?" घेत होत्या, उलट आधी कोण घेणार यावरून भांडत होत्या. गॅदरिंगला तिला पुढे बसवत, सहलीला खिडकी देत, आणि दहावीच्या मुली मधल्या सुट्टीत तिच्या वेण्या घालून देत, तिने सांगितलेलं नसताना. सर फळ्यावर बोलवत नसत, कारण हात पोचत नव्हता. त्यामुळे तिला गणित येतं की नाही हे सरांना माहीत नव्हतं आणि पुढे पुढे तिलाही खात्री राहिली नाही. "सगळे लाड करतात," ती म्हणाली. ताईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अरे वा, मग छानच," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. तो रडत आला. त्याला चिडवत होते. बाहेर बाकावर बसून खुशबूला त्याचा जरा हेवा वाटला होता. चिडवणाऱ्याला उलट शिवी देता येते. लाड करणाऱ्याला काय देणार? तो तर वरून गोळी देतो, लिमलेटची.

घरातही ही गोष्ट फार उशिरा उघडकीला आली, कारण ती वाईट दिसतच नव्हती. शाळेच्या प्रार्थनेची रांग उंचीप्रमाणे लागे, आणि खुशबू त्या रांगेत कायम पहिली असायची. आई, म्हणजे भावना, अंगणवाडीत मदतनीस. तिला आपली लेक कुठेतरी पहिली आहे याचं बरं वाटायचं. बाबा, विनोद, लाखनीच्या हायवेला चहा-थंड्याचं दुकान चालवायचे, आणि गल्ल्याजवळ स्टुलावर बसवलेली लेक पाहून ट्रकवाले दोन बिस्किटपुडे जास्त घ्यायचे. मग कपड्यांनी घोळ केला. धाकटा अश्वजित, तीन वर्षांनी लहान, एका दिवाळीत शर्टातून बाहेर आला. आईने तो शर्ट धुतला, इस्त्री केला, आणि सवयीने, हा आता कुणाला येईल म्हणून बघितलं. तो खुशबूला आला. अगदी मापात आला. आई शर्टाची बटणं लावता लावता मधल्याच बटणाशी थांबली आणि पलंगावर बसली. त्या दिवसापासून नागपूर सुरू झालं. रक्त झालं, हाताचे एक्स-रे झाले, बोगद्यात घालून डोक्याचे फोटो झाले, आणि अखेर डॉक्टर मॅडमनी सांगितलं की मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिने वाढीचं पाणी सोडायचं असतं, ते ती पुरेसं सोडत नाही. तेच पाणी आता रोज सुईने द्यायचं. दिघोरीत हे ऐकून टेकचंद मामा म्हणाला होता, "वाटाण्याएवढी? मंग तीबी तुह्यासारखीच निघाली."

सुईचं पेन दुकानातल्या फ्रीजमध्ये, थंड्याच्या बाटल्यांच्या मागे राहायचं. घरी फ्रीज नव्हता असं नाही, पण घरच्या फ्रीजचं दार अश्वजितच्या ताब्यात होतं. उड्डाणपूल झाल्यापासून ट्रक डोक्यावरून जायचे, दुकान पुलाखाली सावलीत पडलं होतं, थंड्याला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. तरी बाबांनी फ्रीज एक दिवस बंद केला नाही. संध्याकाळी दुकान आवरून पेन घरी यायचं. पहिल्या महिन्यात आईने टोचलं, डोळे मिटून. त्यामुळे पुढे खुशबूनेच शिकून घेतलं. वळसे मोजून मात्रा लावायची, मांडीची चिमूट धरायची, दाबायचं, मनात दहा म्हणायचं. पहिल्याच वर्षात ती अशी वाढली की पावसाळ्यात घेतलेल्या सँडल दसऱ्याच्या आधीच बोटांना चावायला लागल्या. पाय दुखायचे, पोटऱ्यांत रात्रभर कुणीतरी दोरी ओढल्यासारखं व्हायचं, आणि भूक लागायची, अशी भूक की आईने ताटात वाढलेलं संपवून ती पातेल्याकडे बघायची. सगळे खूश होते. मग दिघोरीला तालमी सुरू झाल्या, आणि टेकचंद मामाने तिला उचललं, ठेवलं, आणि जरा वेळ खांबाला धरून उभा राहिला.

"मी सुईच्या विरोधात नाही बरं पोरी," तो खांबाला टेकूनच म्हणाला होता. "सायन्स आहे ते. पण म्हणतो का, मंडई होऊ दे. महिनाभरानं काय ताजमहाल पडते? पोस्टर छापून झाले. मुन्नी म्हणजे खुशबू, हे साऱ्या तालुक्याले माहीत आहे. तू वाढली त मी दुसरी मुन्नी आणीन, एवढी कोणाच्याबी घरी भेटते. पण तिले पाहून लोक विचारतीन ना, का मुन्नी बदलली, मंग बाप काहून नाही बदलत?"

आई तिथेच होती. ती म्हणाली, "मामा, सुई थांबणार नाही. तुम्ही दंडबैठका काढा."

सगळे हसले. खुशबूही हसली. आणि त्याच आठवड्यात तिने पहिल्यांदा वळसे मोजून मात्रा लावली, मांडीची चिमूट धरली आणि पेन शेजारच्या उशीत दाबलं. कुणाशी ठरवून केलं नव्हतं. हाताने आपलं आपण केलं. मनात दहासुद्धा म्हटले. उशी अश्वजितची होती, जवळ होती म्हणून. नंतर मग कधी मांडीत, कधी उशीत, असं चालू राहिलं. भीती कसली होती म्हणावं, तर ते नीट सांगता येत नव्हतं. मोठं व्हायची भीती नव्हती. मोठ्या मुली तिने खालून पाहिल्या होत्या आणि त्यांच्यात घाबरण्यासारखं फार काही नव्हतं. पण लहान खुशबूला सगळी माणसं ओळखत होती, दुरून हाक मारत होती. वाढलेल्या खुशबूला ओळखणारं अजून कुणीच नव्हतं, ती स्वतःसुद्धा. ती पोरगी अमुक उंचीची असेल, तिच्या वेण्या तिलाच घालाव्या लागतील, फळ्यापर्यंत तिचा हात पोचेल आणि मग गणित येत नाही हे कळेल. आणि तिला उचलायला दोन माणसं लागतील, म्हणजे कुणीच उचलणार नाही.

"रोज घेतेस ना?" आज सकाळी मॅडमनी विचारलं होतं. "या खेपेला वेग मंदावलाय." आई लगेच म्हणाली, "रोज, मॅडम. माझ्यासमोर घेते." हे खरं होतं, फक्त आईच्या समोर म्हणजे आईच्या पाठीसमोर. सुई निघाली की आई चुलीकडे तोंड करायची. मॅडमनी एक्स-रे उजेडावर धरला आणि खुशबूला जवळ बोलावून तिच्याच हाताची हाडं दाखवली. प्रत्येक हाडाच्या टोकाशी बारीक काळी फट होती. "ही फट आहे ना, तेवढी वाढायला जागा. अजून उघडी आहे." मग बाजारातल्या दुकानाची वेळ सांगावी तसं सहज म्हणाल्या, "कायम राहत नाही. वर्ष-दोन वर्षं. एकदा मिटली, की मग सुईचा उपयोग नाही." खुशबू त्या फटींकडे बघत राहिली. आपल्या आत एवढी दारं उघडी आहेत आणि आपल्याला वारासुद्धा लागत नाही, याचं तिला नवल वाटलं. त्या फटी आता पाकिटात बंद होऊन तिच्या छातीशी होत्या, आणि गाडी लाखनीच्या पुलाखाली थांबत होती. कंडक्टरने दिलेलं अर्धं तिकीट तिच्या मुठीत होतं. तिकिटाच्या बाबतीत सरकारने सोय करून ठेवली होती: बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट लहान म्हणून, पुढे अर्धं तिकीट बाई म्हणून. आपल्याला हे कशाबद्दल मिळालं हे कंडक्टरला विचारावं, असं तिला दर वेळी वाटायचं. आज तिने ते चुरगाळून टाकलं नाही, जपून पाकिटात घातलं.

घरी अश्वजित वह्या पसरून बसला होता. आई भाजी आणायला गेली तसा तो वर न बघता म्हणाला, "ताई, माह्या उशीले दवाखान्याचा वास येऊन रायला."

"तेल बदल डोक्याचं."

"तेलाचा नाही. सुई टोचल्यावर येते ना, तो." मग वर बघितलं. "उशी वाढवून रायली का तू?"

खुशबूने दाराकडे बघितलं. "आईले सांगशील?"

"नाही." तो पेन्सिलीला टोक करत राहिला. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. अकरा वर्षांचा होता, पण पाठमोरा चौदाचा दिसायचा. "पण वाढून टाक ना बाप्पा एकदाची. सगळे मलेच मोठा समजतात. सिलेंडर मी उतरवा, दळण मी आणा, पाहुणे आले का खुर्च्या मी. तू पडली तरी मार मले बसते, का लहान बहिणीकडे लक्ष नाही म्हणून. मी कधी लहान होऊ?"

हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. खालून माणसाचं बरंच काही दिसतं, पण त्याच्या खांद्यावर काय आहे ते दिसत नाही. तिला वाटत होतं, आपण लहान राहिलो तर ते आपल्यापुरतं आहे. वजन करून पाहिलं तर त्यातलं अर्धं हा बिचारा उचलत होता, शाळेच्या दप्तरासकट. त्या संध्याकाळी सुई मांडीत गेली. दुसऱ्या दिवशी तालमीत मामा पुन्हा खांबाला धरून उभा राहिला, आणि त्या संध्याकाळी सुई परत उशीत गेली. फरक एवढाच, की आता तिच्या स्वतःच्या उशीत.

मंडईच्या आदल्या दिवशी सगळे दिघोरीला आले. धान कापून पडलं होतं, हवेत ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास होता. तुळसा आजी अंगणात उभी होती. आजी एवढीशी, लुगड्यात गुंडाळलेली, आणि तिला कुणी कधी सुई टोचली नव्हती. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मात्र तिला सगळ्यात आधी बोलावणं यायचं. ती म्हणायची, उंच बायायले चिखलापर्यंत वाकता वाकता दुपार होते, मी तिथंच राहतो. आजीने खुशबूला जवळ घेतलं, मग दूर करून बघितलं, मग म्हणाली, "फिर बरं. पाठीले पाठ लाव." आईने दोघींच्या डोक्यांवर तळहात आडवा धरला. तळहात आजीच्या बाजूला कलला. "झालं," आजी म्हणाली, आणि तिच्या तोंडभर हसू आलं. "वरच्या फळीवरचा डबा आता तू काढून देजो. मले मेलं रोज स्टूल लागते." एवढंच. कुणाला तरी आपली उंची हवी होती, डबा काढायला. खुशबूने लगेच जाऊन डबा काढला. त्यात मुरमुरे होते.

मुरमुरे खाता खाता तिने विचारलं, "आजी, तुले कोणी उचललं का वं कधी?"

"मले? कोणाची हिंमत!" आजी म्हणाली. मग आठवून म्हणाली, "तुह्या आज्यानं, यादोरावानं, उचललं होतं एकदा. नवीन नवीन लग्न. नाल्याले पाणी होतं, यादोरावाले जोर आला, घेतलं मले खांद्यावर. अर्ध्यात गेल्यावर माणूस थरथर कापे. मी म्हटलं, ठेवा मले खाली. म्हणे, बुडशील. म्हटलं, मले पोहता येते, तुमालेच येत नाही. मंग उतरली अन् त्याचा हात धरून त्याले पार नेलं."

"मंग तो काय म्हणाला?"

"काय म्हणन! गावात सांगे, मी बायकोले नाला पार करवला."

दुसऱ्या दिवशी, दिवे लागल्यावर, नाटक उभं राहिलं. पाळण्यांचा कर्कश आवाज थांबला, समोर तणसावर पोती टाकून गाव बसलं, बाया एका बाजूला, पोरं पुढे. खुशबूला गुलाबी झगा चढवला होता. काखेत आईने दोन्हीकडून शिलाई उसवून वाढ काढली होती. विंगेत टेकचंद मामा सदऱ्याच्या आत कमरेला रुंद पट्टा आवळत होता. तिने पाहिलं हे त्याने पाहिलं. "फॅशन आहे," तो म्हणाला. मग पंचविशीचा होऊन रंगमंचावर गेला. मुन्नी दारात उभी राहिली. मामा तिच्यापाशी आला, वाकला, तोंडातल्या तोंडात काही म्हणाला, बहुतेक देवाचं नाव, आणि त्याने तिला उचललं.

वर जाताना नेहमी व्हायचं तेच झालं: माणसांची डोकी दिसायला लागली. हे जग तिला वर्षातून एकदा इथूनच दिसायचं, भांग, टकलं, अबोलीचे गजरे. मामाच्या कलपाखालची पांढरी मुळं. पहिल्या रांगेत पोत्यावर आजी. बायांच्या बाजूला आई, मांडीवर बर्फाचा डबा, त्यात फडक्यात गुंडाळलेलं पेन. कडेला बाबा, आणि त्यांच्या पलीकडे अश्वजित, दोन्ही काखांत पाहुण्यांसाठी एकेक खुर्ची, नाटकाकडे बघायलाही मोकळा नसलेला. आणि तिच्या खालचा हात थरथरत होता. आधी बारीक, मग कोपरापर्यंत. पट्टा करकरला. मामाने दुसरा हात खलनायकाकडे रोखला, तोही थरथरत होता. लोकांना तो संताप वाटला आणि टाळी पडली. "बोल पोरी, लवकर बोल," मामा ओठ न हलवता म्हणाला. बायांनी पदर वर घेतले. पेटीवाल्या हिरालालने बोटं पट्ट्यांवर ठेवली. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं, इतकी वर्षं होतं, तिला ते बोलावंही लागत नसे, आपणच बाहेर पडे. तेवढ्यात तिला तो हात जाणवला. थकलेल्या, भल्या, वय लपवून उभ्या असलेल्या माणसाचा हात. तो तिला खाली टाकणार नव्हता, मोडला असता तरी टाकणार नव्हता, आणि ती बोलेपर्यंत त्याची सुटका नव्हती. तिचीही नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, मागच्या पाळण्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "आता मले खाली ठेवा."

विंगेतून प्रॉम्प्टर कळवळून म्हणाला, "नका! नका ठेवू! नका!"

"ठेवा खाली," खुशबू म्हणाली. "मी चालते तुमच्या संगं."

मामाने तिला खाली ठेवलं. इतक्या मनापासूनचा अभिनय त्याने आयुष्यात केला नव्हता. त्याच्या छातीतून जो श्वास निघाला तो शेवटच्या पोत्यापर्यंत पोचला. हिरालालची बोटं पट्ट्यांवरच अडली, कारण त्याचं वाक्य आलंच नव्हतं. एका बाईने डोळ्यांपर्यंत नेलेला पदर तसाच परत आणला. खुशबूचं डोकं मामाच्या छातीला लागत होतं. तिने त्याचा हात धरला आणि दोघं खलनायकाच्या दिशेने चालायला लागली. खलनायक नत्थूची पंचाईत झाली. उचललेल्या मुन्नीसमोर कसं हसायचं हे त्याला पाठ होतं. चालत येणाऱ्या मुन्नीचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक. पुढच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "पळून रायला रे नत्थू!" आणि गावभर असा हशा उठला की हिरालालला भान आलं आणि त्याने जी हाताला येईल ती चाल लावली. पडदा पडला. आजी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "नात आहे माही."

पडद्यामागे खुशबू गुलाबी झग्यातच खोक्यावर बसली. "आई, सुई आण," ती म्हणाली. "अन् इकडे तोंड करून उभी राय." आईने डबा उघडला. वळसे मोजून मात्रा लागली. नाटकागणिक दोन खून करणाऱ्या नत्थूने सुई पाहिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आईने फिरवलं नाही. ओठ दाबून उभी राहिली.

"आई, मी मधात मधात उशीत दिली."

"माहीत आहे," आई म्हणाली. "दिवाळीच्या खोळी कोणी धुतल्या? नाक आहे मले."

"मंग बोलली काहून नाही?"

"नाटक झाल्यावर धरणार होती तुले. आधी रागावली असती, त रडत गेली असती तू वर, अन् लोक म्हणले असते, वा, काय काम करते पोरगी." आईने डब्यातलं ओलं फडकं पिळलं. "पुढच्या खेपेला मॅडमले तूच सांगशील. माह्या तोंडानं नाही."

"सांगन." तिने मनात दहा म्हटले आणि सुई काढली. समुपदेशक ताईंनाही भेटायचं होतं. लाडाचं अर्धंच सांगितलं होतं.

टेकचंद मामा पट्टा सैल करून खुर्चीत बसला होता. दुसऱ्या अंकाची घंटा व्हायची होती. "इतक्या वर्षांचं वाक्य बदललं तू," तो म्हणाला. "मले विचारलं नाही."

"तुम्ही तरी कुठं विचारून उचलता मामा."

मामा कमरेवरून हात फिरवून म्हणाला, "पुढच्या साली काय करायचं तुहं? मुन्नी त गेली."

"वकीलबाई."

"वकीलबाई आपल्या नाटकात नाही."

"लिहा. शेवटच्या अंकात येते, उभी राहून बोलते, तुमाले सोडवते. तुम्ही नुसते पिंजऱ्यात बसायचं. कंबरेले आराम."

मामाचे डोळे लकाकले. ते कमरेमुळे की नाटकामुळे, हे त्याचं त्यालाच ठाऊक. "काळा कोट लागन," तो म्हणाला, आणि दुकानदाराच्या सवयीने खिशातून टेप काढून उठला. "उभी राय सरळ. खांदे घेतो."

खुशबू उभी राहिली, सरळ, टाचा जमिनीला टेकवून. मग तिने त्याच्या हातातला टेप हळूच गुंडाळून परत त्याच्या खिशात घातला.

"आज नका घेऊ माप," ती म्हणाली. "पुढच्या मंडईच्या आधी घ्या. आताचा कोट तवा तोकडा होईल."